दुपारची हवा

खोली बघायला आले तेव्हा त्यांनी खोली बघितलीच नाही. जिन्यानं सरळ गच्चीवर गेले, चपला काढल्या आणि पाण्याच्या टाकीशेजारी उताणे पडले. मला वाटलं माणसाला घेरी आली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन वर आली. ते पडल्या पडल्या म्हणाले, "आभाळ चारी बाजूंनी मोकळं आहे. भाडं सांगा."

भाडं सांगितलं. त्यांनी घासाघीस केली नाही. उलट विचारलं, दुपारी जेवायच्या सुमाराला इथं गच्चीवर कोण काय करतं.

"काय करायचंय?" बायको म्हणाली. "मिरच्या, शेवया, कुरडया वाळवती. कपडे घालती."

"त्या वेळेला जरा वेळ कुणी वर यायचं नाही. आणि खाली मिरचीची फोडणी द्यायची नाही."

भाडेकरूनं घरमालकिणीला फोडणीची अट घालायची, असं आमच्या चिखलीत तरी कुणी ऐकलं नसेल. मी नाही म्हणणार होतो. पण बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि तेवढ्यावर खोली त्यांची झाली. आमच्यात त्यांचं नाव 'वरचे' असंच पडलं. बायको तोंडावर त्यांना भावजी म्हणायची.

वरच्यांची नोकरी उपग्रहावर होती. म्हणजे तो वर आणि हे खाली. हवेतली धूळ, धूर, कसले कसले वायू मोजायला सोडलेला उपग्रह. त्याच्यावर मोजायची यंत्रं बसवलेली. त्या यंत्रांना रोजची कामं लावून द्यायची, एवढं यांचं काम. कुणी कधी डोळा उघडायचा, कधी मिटायचा, कुणाच्या भिंगावर थंडीनं बर्फ धरलं तर त्याला कधी गरम करायचं, हे सगळं आठवड्याच्या आठवड्याला वर कळवायचं, आणि तो तसंच करत पृथ्वीभोवती फिरायचा. मी भोसरीला फौंड्रीत आयुष्य घातलं, मला शिफ्ट लावणं कळतं. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही सुपरवायझर. ते म्हणाले, सुपरवायझर कामगाराला बघतो तरी, मी याला सोडल्यापासून बघितलेला नाही.

करोनापासून त्यांचं बरंच काम खोलीतल्या कॉम्प्युटरवरच चालायचं. हापिसात आठवड्यातून एखादी खेप. पण दुपारी गच्ची कधी चुकवली नाही. उपग्रह रोज दुपारी आमच्या डोक्यावरून जायचा. त्या वेळेला हापिसानं दिलेला एक डबा तिपाईवर लावून, सूर्याकडं रोखून हे उभे. वरून तो हवा मोजणार, खालून डबा मोजणार, आणि दोघांचं जुळतंय का ते ताडून बघायचं. कारखान्यांच्या या पट्ट्यात हापिसाला अशी एक गच्ची पाहिजे होती. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. हे आले.

बायको त्या उपग्रहाला गाडी म्हणायची. खालून ओरडायची, "भावजी, गेली का तुमची गाडी? मिरच्या घालू का?"

"कोल्हापूरवर आहे अजून. थांबा वहिनी."

ती मिरच्यांचं सूप उचलून जिन्यापर्यंत जाईतो गाडी नाशिकच्या पुढं गेलेली असायची. तिला त्याची फार मजा वाटायची. चाकणच्या चौकात लोक अर्धा अर्धा दिवस अडकतात आणि यांची गाडी बघा, म्हणायची.

विक्षिप्तपणा सांगायचा तर कुठून सांगू. चहा पिण्याआधी घोटभर साधं पाणी प्यायचे, त्याशिवाय चहाला हात नाही. भाजीवाल्याला आधी रिकामा काटा दाखवायला लावायचे. तो म्हणायचा, साहेब, पाव किलो भेंडीला एवढी चौकशी? कुणाशी वाद व्हायची वेळ आली की डोळे मिटून गप्प उभे राहायचे. समोरच्याला वाटायचं हा आपला अपमान करतोय. एकदा शेजारच्या वर्कशॉपवाल्याशी त्यानं दारात टेम्पो लावण्यावरून जुंपली, तर यांनी डोळे मिटले ते मिटलेच. तो माणूस मला येऊन म्हणाला, "काका, तुमचा भाडेकरू उभ्या उभ्या झोपला."

मी विचारलं, हे काय खूळ? तेव्हा त्यांनी सांगितलं. प्रत्येक यंत्राला स्वतःची एक खरखर असते. म्हणून दर फेरीला, उपग्रह अंधाराच्या बाजूला गेला की यंत्राचं झाकण लावून टाकायचं. आत काहीच दिसायला नको. तरी ते यंत्र काहीतरी दिसलं असं कळवतं. ती त्याची स्वतःची खरखर. ती ध्यानात ठेवायची आणि उजेडात मोजलेल्यातून वजा करायची.

"नाही केली, तर आपलीच खरखर जगाची म्हणून सांगत बसतो माणूस," असं म्हणायचे.

बायको भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "भावजी, तुमची खरखर वजा केल्यावर मागं काय उरतंय, ते बघितलं का कवा?"

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. पुढचे दात पडलेले होते. एरवी त्यासाठीच हसत नसावेत.

दुसरं एक होतं. मन बिघडलं की सूर्याकडं तोंड करून बसायचे. जेवण नाही, बोलणं नाही, सूर्य फिरेल तसं हेही फिरायचे. उपग्रहाचंही तसंच असतं म्हणे. काही गोंधळ झाला, आपण कुठं आहोत तेच कळेना झालं, की तो सगळी यंत्रं बंद करतो, उन्हावर वीज करणारे पंख सूर्याकडं करतो आणि खालून कुणी हाक मारेपर्यंत पडून राहतो. एवढीच अक्कल त्याच्यात भरलेली. यांची बहीण कोकणात असते, तिच्याशी फोनवर वाजलं की हे टाकीशेजारी तसे बसायचे. बायको मला खुणेनं सांगायची, आज वर जाऊ नका. मग स्वतःच ताटली झाकून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवून यायची. यांनी लग्न केलेलं नव्हतं. तिच्या हातचं खाऊन खाऊन अंगानं भरले. आमचं मूल जगलं नाही. वर कुणीतरी खाणारं आहे, याचं तिला बरं वाटायचं.

आता तिचं सांगतो.

वाळू मी खाल्ली आणि छाती तिची गेली. फौंड्रीत तीस-बत्तीस वर्षं साच्यांची वाळू माझ्या नाकातोंडात गेली, मला साधा दमा नाही. ती घरात बसून आजारी पडली. आधी जिना चढताना थांबायची, मग भाकऱ्या करताना, मग बोलताना. भोसरीच्या छातीच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की दिवाळी ते होळी हिला इथं ठेवू नका. थंडीत या भागात धूर खाली बसतो. औषध मी देतो, हवा देऊ शकत नाही.

म्हणून पहिल्या हिवाळ्यात तिला तिच्या भावाकडं नेलं. आंबेगावच्या वरच्या अंगाला, डोंगरात त्याचं घर. हवा एक नंबर. तिचा दम निम्म्यानं कमी झाला. पण ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. भावजय वाईट नाही, तरी चहा मागून प्यावा लागतो. कपाट दुसऱ्याचं, चूल दुसऱ्याची. चाकणजवळची आमची जमीन कंपनीत गेली तेव्हा जे मिळालं त्यातून चिखलीचं घर उभं केलेलं. विटांना पाणी तिनं मारलेलं. होळीला परत आणली तर रिक्षातून उतरल्या उतरल्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आता मला हितनं हलवायचं न्हाई."

मी म्हटलं, पुढच्या दिवाळीला बघू.

त्या वर्षी उपग्रहाचंही काही खरं नव्हतं. त्याची ठरलेली वर्षं कधीच उलटून गेलेली. इंधन तळाला गेलं होतं आणि उरलेलं राखून ठेवलेलं, शेवटी त्याला खाली आणून जाळायला. त्यामुळं त्याला वाटेवर ठेवायचे छोटे छोटे धक्के बंद केलेले. मग तो सरकत चालला. जेवणाच्या वेळेला येणारा चहाच्या वेळेकडं यायला लागला. वरच्यांनी स्वतःचं जेवणही तसंतसं पुढं ढकललं. बायको म्हणाली, "गाडी लेट झाली का वो?" ते म्हणाले, "हो वहिनी. आता लेटच होत जाणार." हे बोलताना ते पायऱ्यांकडं बघत होते.

दिवाळीच्या पाडव्याला ते खाली फराळाला आले होते. तिला उभं राहवत नव्हतं तरी चकल्या तिनंच केलेल्या. मी जीपवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, भाऊबीज झाली की मेव्हण्याकडं. तिला ते ठाऊक होतं. ती खाटेवर बसली होती, मी समोर. ती म्हणाली, "भावजी, एक सांगा. ह्यांच्यासमोर सांगा. औंदा हवा कशी हाय आपली? गेल्या सालापरीस वाईट का बरी?"

त्यांनी हातातली चकली ताटलीत ठेवली. पाणी प्यायले. डोळे मिटले. आम्ही दोघं थांबलो.

"बरी आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी याच दिवसांत होती त्यापेक्षा बरीच कमी धूळ आहे. दोन्हींचं जुळतंय."

मी विचारलं, "नक्की?"

"मोजलंय, दादा."

ती माझ्याकडं बघत राहिली. एवढं शिकलेला माणूस, आयुष्यभर हवाच मोजणारा. त्याच्या शब्दापुढं मी चौथी पास काय बोलणार? जीपवाल्याला फोन करून नको म्हणालो. त्या रात्री ती पोटभर जेवली. किती तरी दिवसांनी.

पुढचं लवकर सांगून टाकतो. थंडी पडली. पहाटे ती खोकायला लागायची, उन्हं गल्लीत आली की जरा बरी व्हायची. मी म्हणायचो, चल, अजूनही जाऊ भावाकडं. ती म्हणायची, थंडीचा खोकला हाय, भावजींनी हवा बघितलीया ना. दुपारी वरचे डबा लावून झाला की खाली येऊन तिला सांगायचे, आजही कमी आहे. ती मान हलवायची. पौषात एका सकाळी तिची नखं निळी दिसली. भोसरीच्या दवाखान्यात नेली, तिथून घरी आली नाही. शेवटच्या दिवशी तिनं तोंडावरचा मास्क स्वतः बाजूला केला आणि मला जे सांगितलं, ते पुढं येईल.

दहावा झाल्यावर वरचे दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली. आत या म्हटलं, आले नाहीत.

"दादा, मी चुकीचं सांगितलं."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मोजलं ते खरं होतं, पण ते दुपारचं होतं. डब्याला ऊन लागतं, ऊन नसेल तर तो आंधळा. उपग्रह दुपारी येतो, आणि आता तर आणखी उशिरा. तोपर्यंत ऊन तापून धूर वर उचलला जातो, पसरतो, वाऱ्यानं निघून जातो. पहाटे तोच धूर थंडीनं दाबून खाली गल्लीत, खिडकीपाशी, माणसाच्या नाकाच्या उंचीला बसलेला असतो. त्या वेळेला मोजायला वरही कुणी नाही आणि खालीही कुणी नाही. वारा त्या वर्षी दुपारचा जास्त होता. म्हणून दुपारी हवा बरी निघाली.

"हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं?" मी विचारलं.

"होतं. या कामात शिरताना पहिल्यांदा हेच शिकवतात."

"मग?"

"वहिनींना इथं राहायचं होतं. मलाही त्या इथं राहायला हव्या होत्या. त्या गेल्या वर्षी भावाकडं गेल्या तेव्हा मी चार महिने... ते वजा करायचं राहिलं."

माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर फेकून मारलं असतं. मी त्यांना वर जा म्हटलं. ते गेले. दोन दिवस गच्चीवर सूर्याकडं तोंड करून बसलेले दिसले. पायरीवर ताटली ठेवायला आता कुणी नव्हतं. मी ठेवली नाही.

नंतर एका पहाटे त्यांनी दार वाजवलं. हातात दुसराच एक डबा, लहान, ऊन न लागणारा. हापिसातून मागून आणलेला. म्हणाले, "वहिनी झोपायच्या तिथं हा ठेवायचाय. उशीच्या उंचीला."

मी का दार उघडलं, मला सांगता येणार नाही. ती गल्लीकडच्या खिडकीखाली झोपायची, वारा लागावा म्हणून. त्यांनी तिच्या खाटेवर डबा ठेवला आणि खाली फरशीवर बसले. मी माझ्या खाटेवर. बाहेर अजून अंधार होता आणि कोपऱ्यावर कुणी तरी वायरी जाळत होतं, रबराचा वास येत होता. ते खोकले. मी खोकलो. उजाडल्यावर ते डबा उचलून वर गेले.

तसे ते रोज यायला लागले. त्या उरलेल्या थंडीत आम्ही दोघं तिच्या रिकाम्या खाटेच्या दोन बाजूंना बसायचो. बोलणं नाही. शेजारणी माझ्या मागं म्हणायच्या की म्हाताऱ्याचं डोकं भाडेकरूसारखं झालं. म्हणू देत. पहाटे घरात दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू यायचा, तेवढंच मला पाहिजे होतं. त्यांच्यावर राग होता तो होताच. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला त्या थंडीत कळलं.

उन्हाळा लागता लागता उपग्रहाचं काम बंद करायचं ठरलं. एकेक यंत्र बंद करत नेतात म्हणे, एकदम नाही. आधी हीटर बंद करायचे, मग डोळे मिटायचे, मग बोलणं बंद. शेवटचं यंत्र बंद करायचा हुकूम वरच्यांनीच तयार केला आणि हापिसानं वर पाठवला. संध्याकाळी मी विचारलं, झालं? ते म्हणाले, "बंद केल्यावर उत्तर येत नाही. न आलेलं उत्तर हीच पावती." पहाटेच्या मोजणीबद्दल त्यांनी हापिसाला सविस्तर लिहून दिलं होतं. हापिसानं कळवलं की हे सर्वांना माहीत आहे, तरी आभारी आहोत.

नोकरी संपली. ते बहिणीकडं कोकणात जायला निघाले. सामान एक पेटी आणि एक पिशवी. निघायच्या पहाटेही डबा घेऊन आले. उजाडल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, काय निघालं?

"सांगू?"

"सांगा."

"दुपारच्या हवेशी याची तुलनाच होत नाही, दादा. धडधाकट माणसानंही त्या खिडकीखाली झोपू नये."

मग मी सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं, सांगावंसं वाटलं नव्हतं. दवाखान्यात तिनं मास्क बाजूला करून म्हटलं होतं, "भावजींला काय बोलू नका. पहाटंची हवा मला कळत व्हती. बोलली असती तर तुमी मला धाडली असती."

त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"म्हणजे पाडव्याला मला विचारलं, तेव्हा त्यांना उत्तर माहीत होतं."

"व्हय."

"मग मला कशाला विचारलं?"

"मी ऐकावं म्हणून."

त्यांनी खाटेवरून हात फिरवला, जशी बायका चादरीची सुरकुती काढतात तसा. मग म्हणाले, "त्यांना माहीत होतं ते त्यांचं. मी सांगितलं ते चूकच होतं." एवढं बोलून उठले. मी त्यांना आकुर्डीच्या बसपर्यंत सोडायला गेलो. बसमध्ये बसल्यावर खिडकीतून म्हणाले, थंडीत खिडकी उघडू नका. मी म्हटलं, बरं. पुढं त्यांचा एकदा फोन आला, मग त्यांच्या बहिणीचा आला. तेही गेले. छातीचंच काही तरी.

खोली मी भाड्यानं दिलेली नाही. लातूरकडचं एक जोडपं विचारून गेलं, बाईच्या कडेवर तान्हं होतं. मी म्हटलं, पावसाळ्यात या, थंडीत नको.

आता थंडी परत पडली आहे. कोपऱ्यावर भंगारवाल्यांची पोरं पहाटे वायरी जाळतात, आतलं तांबं काढायला आणि हात शेकायलाही. मी बादली घेऊन जातो आणि त्यांच्या आगीवर ओततो. ते मला शिव्या घालतात, "म्हाताऱ्या, घरी मर ना," म्हणतात, आणि मी वळलो की परत पेटवतात. पाणी टाकलं की आधी धूर वाढतो, ते मला फौंड्रीपासून ठाऊक आहे. मी तोंडावर उपरणं धरून तिथंच उभा राहतो, तो बसेपर्यंत, आणि मग दुसरी बादली आणायला जातो.